जुन्या ऑफ-रोड गाडीचे गंजलेले, चिकटणारे ब्रेक कॅलिपर: वाचवावेत की बदलावेत?

रानवाटेकरी

नमस्कार मंडळी. गाडी जुनी फोर-बाय-फोर आहे. पुढे चार-चार पिस्टनचे फिक्स्ड कॅलिपर (म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारे, जागचे न हलणारे), ओतीव लोखंडाचे. मागे एका पिस्टनचे फ्लोटिंग, म्हणजे पिनांवर सरकणारे. चिखलातून, ओढ्यातून भरपूर फिरलेली गाडी, नंतर बराच काळ उभी राहिली. आता पुढचं डावं चाक तापतंय. पेडल सोडलं तरी ब्रेक धरून राहतो आणि जॅकवर घेऊन चाक फिरवायचं तर दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो. पॅड काढून पाहिले. आतल्या बाजूचा पॅड जास्त झिजलाय, आणि तोही एकाच टोकाला.

माझं मत असं की ओतीव लोखंडाचं धूड असं सहजासहजी मरत नाही. सील किट मिळत असेल तर ते साफ करून पुन्हा उभं करावं. ज्यांनी हे काम स्वतःच्या हातांनी केलंय त्यांच्याकडून ऐकायचंय: कुठपर्यंत वाचवायचं आणि कुठे थांबायचं?

पाना_दहा_बारा

कॅलिपर काढायच्या आधी दोष कॅलिपरचाच आहे ना, हे पक्कं करा. चाक उचला, खाली स्टँड लावा (नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका). कुणाला तरी पेडल दाबून सोडायला सांगा. चाक धरलेलं असतानाच ब्लीड निपल (कॅलिपरमधली हवा आणि ऑइल बाहेर काढायची पोकळ तोटी) जरासा सैल करा. ऑइलची पिचकारी उडाली आणि चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकून राहतोय आणि कॅलिपर बिचारा निर्दोष असू शकतो. थोडंसं ऑइल आलं पण चाक तसंच घट्ट राहिलं, तर पिस्टन किंवा पॅड खरोखर अडकलेत.

दाब अडकत असेल तर पुढची पायरी. होज (कॅलिपरकडे जाणारी लवचिक रबरी नळी) जिथे लोखंडी नळीला जोडलाय तो जोड सैल करा. तिथे सोडल्यावर चाक सुटलं तर दोष वरच्या अंगाला, पेडलचा जोर ऑइलवर देणाऱ्या मास्टर सिलिंडरकडे. तिथे काहीच फरक नाही पण निपल उघडल्यावर सुटलं, तर होज गेलाय.

यंत्रवेडी

होजचा मुद्दा फार महत्त्वाचा. बाहेरून होज ठणठणीत दिसतो, पण आतला रबराचा थर फुगतो किंवा सुटतो. पेडल दाबताना दाब एवढा असतो की ऑइल वाट काढून पुढे जातंच. परत येताना मात्र त्याला ढकलणारं जवळपास काहीच नसतं, म्हणून ते तिथेच अडकतं. होज झडपेसारखा वागायला लागतो. काम करताना कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवणं किंवा होज पकडीने दाबून धरणं, यानेही आतला थर दुखावतो. कॅलिपर तारेने चेसिसला किंवा स्प्रिंगला बांधा.

दोन्ही चाकं एकदमच तापत असती तर मी पेडलच्या दांड्याचं मोकळं अंतर आधी पाहिलं असतं. ते अंतर उरलं नाही की मास्टर सिलिंडरचं परतीचं छिद्र झाकलेलंच राहतं. ऑइल तापून प्रसरण पावतं, त्याला टाकीकडे जायला वाट मिळत नाही आणि ब्रेक आपोआप घट्ट होत जातो. तुमचं एकच चाक तापतंय, त्यामुळे ही शक्यता कमी.

बदलून_टाका

माझं मत वेगळं आहे. ब्रेक ही हौस भागवायची जागा नाही. इंजिन बंद पडलं तर गाडी उभी राहते. ब्रेक गेला तर ती उभीच राहत नाही. सील किट, पिस्टन, निपल, वॉशर असं करत निम्मा कॅलिपर नवाच बसवायचा असेल तर अख्खा का नको? नवे कॅलिपर, नवे होज, नवं ऑइल. आणि नवे घ्यायचे तर डावा-उजवा जोडीनेच.

चिखलप्रेमी

आयडीच असा असल्यावर दुसरा सल्ला कसा येईल! :) पण जोडीने करण्याच्या मुद्द्याला शंभर टक्के सहमत. एक बाजू नवी आणि दुसरी जुनी ठेवली की जोरात ब्रेक दाबताना गाडी एकीकडे ओढते.

गंजशत्रू

बदलून_टाका यांची काळजी रास्त आहे, पण ‘नवा’ म्हणून मिळणारा कॅलिपर बरेचदा रीकंडिशन्ड असतो. म्हणजे कुणीतरी जुनाच ओतीव सांगाडा साफ करून, नवी सीलं घालून, रंग देऊन पेटीत भरलेला असतो. तेच काम आपण सावकाश आणि डोळ्यांदेखत केलं तर ते कमअस्सल का ठरावं? फक्त ते नीट समजून करायला हवं. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पिस्टन मागे येतो तो कशाने? तिथे स्प्रिंग नसते. कॅलिपरच्या खाचेत चौकोनी काटछेदाचं रबरी सील बसलेलं असतं. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकतो आणि सीलची आतली कड त्याच्याबरोबर थोडी पिळली जाते. दाब गेला की ते सील पुन्हा सरळ होतं आणि पिस्टनला मिलिमीटरच्या काही अंशाएवढं मागे ओढतं. डिस्क ब्रेक सुटणं हे सगळं त्या एवढ्याशा पिळावर अवलंबून आहे.

आता गंज कुठे धरतो पाहा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. ती ओल आणि बाहेरून डस्ट बूटमधून (पिस्टनभोवती धूळ-पाणी अडवणारं रबरी आवरण) शिरलेलं पाणी खाचेत, सीलच्या मागे जाऊन बसतं. तिथे लोखंड गंजतं, आणि गंजाचं आकारमान मूळ लोखंडापेक्षा जास्त असतं. तो सीलला मागून ढकलून पिस्टनवर आवळतो. मग पिस्टन कितीही चकचकीत असला तरी चिकटणारच. म्हणून नुसता पिस्टन पुसून, नवं सील घालून बसवणाऱ्यांचा ब्रेक काही महिन्यांत पुन्हा जाम होतो. खरं काम त्या खाचेत आहे. सील काढा, दात साफ करायच्या हत्यारासारखी बारीक आकडी घ्या, पितळी ब्रश घ्या आणि खाचेचा तळ व दोन्ही भिंती उघड्या धातूपर्यंत स्वच्छ करा. डस्ट बूटची खाच निराळी असते, तीही. पटाशी किंवा स्क्रू-ड्रायव्हर घालून खरवडू नका, कडा उडाल्या तर सील तिथून गळेल.

आता कुठे थांबायचं. या रचनेत सील कॅलिपरमध्ये स्थिर असतं आणि पिस्टन त्यातून घसरतो. म्हणजे जीव आहे तो पिस्टनच्या पृष्ठभागात. क्रोमवर नख अडकेल असा खड्डा दिसला, क्रोमचा पापुद्रा सुटलेला दिसला की तो पिस्टन बाद. पॉलिश पेपर मारून तो सुधारत नाही, उरलंसुरलं क्रोम मात्र जातं. स्टेनलेस स्टीलचे पिस्टन मिळत असतील तर चिखल-पाण्याच्या गाडीला तेच घ्यावेत. बोअरमध्ये (पिस्टन सरकतो त्या भोकात) सीलच्या पलीकडे आत हलके डाग असले तर ते साफ करून चालतं, कारण सील तिथे टेकत नाही. पण खाचेच्या तळालाच खोल खड्डे असतील, तर कितीही जीव जडलेला असो, तो कॅलिपर भंगारात घाला.

रानवाटेकरी

गंजशत्रू, मनापासून आभार. हा खाचेचा मुद्दा मला एवढा स्पष्टपणे कुणीच सांगितला नव्हता.

पाना_दहा_बारा यांची चाचणी केली. निपल सैल केल्यावर दोन थेंब आले, चाक तसंच घट्ट. म्हणजे दोष कॅलिपरमध्येच. आता चार पिस्टन बाहेर कसे काढायचे? हवेचा दाब देऊ का?

पाना_दहा_बारा

कॅलिपर अजून होजला जोडलेला असेल तर सर्वांत चांगला पंप तुमच्या पायाखालीच आहे. पॅड काढा, मध्ये लाकडी पट्टी ठेवा आणि कुणाला तरी पेडल हळूहळू दाबायला सांगा. मेख अशी की मोकळे पिस्टन आधी पुढे येतात आणि हट्टी जागचा हलत नाही. एक पिस्टन पूर्ण बाहेर पडला की सगळा दाब तिथून निघून जातो आणि हट्टी आतच राहतो. म्हणून मोकळे पिस्टन क्लॅम्पने धरून ठेवायचे आणि हट्टी बाहेर आणायचा. टाकीतलं ऑइल संपू देऊ नका.

कॅलिपर आधीच सुटला असेल तर ग्रीस गन. ऑइलच्या भोकात बसेल असा जोड लावून ग्रीस भरायचं. ग्रीस हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन गोळीसारखा उडत नाही, हळू सरकत बाहेर येतो. नंतर आतल्या वाटांमधून ते ग्रीस कणाकणाने साफ करावं लागतं, हा त्याचा त्रास. हवा वापरायचीच झाली तर अगदी कमी दाबाने, समोर जाड लाकूड ठेवून, आणि बोटं त्या फटीपासून लांब. त्या पिस्टनखाली सापडलेलं बोट वाचत नाही.

काळजीवाहू

मध्येच लिहितो. ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवू नका. जुन्या पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्याने पुसा, मास्क लावा. आणि क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या भागावर ज्योत किंवा वेल्डिंग चुकूनही नाही. त्या द्रावकाचं उष्णतेने विघटन होऊन फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

लोहार_अनिकेत

बाहेरच्या गंजासाठी विद्युत पद्धत सोपी. प्लास्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा. कॅलिपरला बॅटरी चार्जरची ऋण तार, शेजारी साध्या लोखंडाचा पत्रा, त्याला धन. गंज सैल होऊन पडतो आणि चांगला धातू खाल्ला जात नाही. जिथे ब्रश पोचत नाही तिथेही काम होतं. पिस्टन, सीलं, निपल सगळं काढूनच टबात घालायचं.

यंत्रवेडी

अनिकेतदादा, याला काही अटी जोडायलाच हव्यात. धन बाजूला स्टेनलेसचा तुकडा लावायचा नाही, त्यातून सहासंयुजी क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्यावर करायचं आणि चिमटे काढण्याआधी चार्जर बंद करायचा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. अॅल्युमिनियमचा कॅलिपर सोड्याच्या पाण्यात घालायचाच नाही, तो खाल्ला जातो. आणि उच्च ताकदीचे बोल्ट त्या टबात नकोत. हायड्रोजन शिरून पोलाद ठिसूळ होण्याचा धोका असतो, आणि कॅलिपर धरून ठेवणाऱ्या बोल्टच्या बाबतीत तो पत्करण्यात अर्थ नाही.

मला स्वतःला सायट्रिक आम्ल जास्त पसंत आहे. पाण्यात विरघळवून भाग बुडवायचा, अधूनमधून काढून ब्रश मारायचा. विसरून रात्रभर सोडून द्यायचा नाही, गंज संपला की आम्ल लोखंडाकडे वळतं. मग भरपूर पाणी, सोड्याच्या पाण्याची एक धुणी, आणि लगेच गरम हवेने सुकवणं. ओलं ठेवलंत तर डोळ्यांसमोर नारिंगी थर चढतो.

चिखलप्रेमी

रंगाचं काय? लाल रंगाचे कॅलिपर असले की गाडी जोरात थांबते असं म्हणतात. :)

यंत्रवेडी

रंग लाल द्या नाहीतर जांभळा, फक्त उष्णता सोसणारा हवा. आणि बोअर, सीलच्या खाचा, पॅड सरकतात त्या जागा, कॅलिपर टेकतो ते तळ आणि बॅन्जो बोल्टच्या (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) वॉशरची बैठक, हे सगळं झाकूनच फवारा. टेकणाऱ्या पृष्ठभागावर रंग राहिला की तो पुढे दबतो आणि बोल्टची ताण-पकड ढिली पडते.

नवशिका_गडी

माफ करा, साधा प्रश्न आहे. बसवताना पिस्टनला नेहमीचं चाकाचं ग्रीस लावलं तर काय होतं?

गंजशत्रू

प्रश्न साधा नाही, कळीचा आहे. ग्लायकॉलच्या ब्रेक ऑइलबरोबर चालणारी सीलं साधारण ईपीडीएम रबराची असतात. खनिज तेलाचा स्पर्श झाला की हे रबर फुगतं. म्हणजे नवं सील घालूनही पिस्टन पुन्हा आवळला जाणार. नेहमीचं ग्रीस, इंजिन ऑइल, पेट्रोल, डिझेल, रॉकेल यातलं काहीही सीलजवळ नको. धुवायला ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. बसवताना सीलला आणि पिस्टनला ताजं ब्रेक ऑइल, किंवा ब्रेकच्या रबरासाठीच बनवलेलं ग्रीस. पिस्टन हाताच्या अंगठ्याने सरळ दाबल्यावर आत गेला पाहिजे. हातोडीची गरज वाटली तर थांबा. सील पिळलंय, पिस्टन तिरका आहे किंवा खाच अजून साफ झालेली नाही.

डोंगरउतार

मागच्या फ्लोटिंग कॅलिपरबद्दल कुणीच बोललं नाही. तिथे पिस्टनपेक्षा स्लाइड पिनच जास्त वेळा दगा देतात. बूट फाटला की चिखल आत जातो, पिन गंजते, कॅलिपर सरकत नाही आणि मग सगळा भार आतल्या पॅडवर. पिना बाहेर काढून पाहा. हाताने सहज सरकल्या पाहिजेत. दोन पिनांपैकी एकीला टोकाशी रबरी बाही असते अशी रचना बऱ्याच गाड्यांत आहे. त्यांची अदलाबदल करू नका. सिलिकॉन ग्रीस पातळ थरात लावा. बंद भोकात ठासून भरलं तर आतली हवा दबते आणि पिन परत बाहेर ढकलली जाते.

दुसरी जागा म्हणजे पॅडच्या टोकांखालच्या स्टेनलेस पट्ट्या. पट्टी गंजत नाही, पण तिच्या खालचं लोखंड गंजून फुगतं आणि पट्टी वर उचलते. पॅड कचाट्यात सापडतो. लोक यावर पॅडची टोकं कानशीने घासतात. घासायचा आहे तो खालचा गंज.

आणि हँडब्रेक मागच्या कॅलिपरमध्येच असेल तर काही रचनांत पिस्टन फिरवून आत न्यावा लागतो. तिथे क्लॅम्पने नुसता दाबलात तर आतलं मळसूत्र मोडेल.

बदलून_टाका

अवांतर: एवढा सगळा उपद्व्याप पाहून ड्रम ब्रेक बरे होते असं वाटायला लागलंय.

डोंगरउतार

ड्रममध्ये चिखल एकदा शिरला की बाहेर पडत नाही, आतच दळत बसतो. पाणी भरलं तर सुकायलाही वेळ लागतो. डिस्क उघडी असते, स्वतःला पुसून घेते. अवांतरात भर म्हणजे, डिस्क ब्रेकचं पेटंट फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ सालीच घेतलं होतं. पण मोटारींच्या दुनियेत डिस्कचा दबदबा झाला तो १९५३ साली जॅग्वार सी-टाइपने डिस्क लावून ले मान्सची शर्यत जिंकल्यावर.

रानवाटेकरी

मूळ विषयाकडे परत येतो. डाव्या कॅलिपरचे पिस्टन निघाले. आतल्या बाजूचा खालचा पिस्टनच चोर होता. डस्ट बूट फाटलेला, त्याखाली क्रोम सोललेलं, आणि गंजशत्रू म्हणाले तसा खाचेत तपकिरी लगदा. खाच साफ केल्यावर तळ गुळगुळीत निघाला, म्हणजे कॅलिपर वाचतोय. दोन्ही बाजूंना सगळे पिस्टन स्टेनलेसचे घ्यायचं ठरवलंय.

दोन अडचणी. उजव्या बाजूचा निपल हलत नाही. आणि कॅलिपरचे दोन अर्धे भाग जोडणारे बोल्ट उघडले तर सफाई सोपी होईल असं वाटतंय.

लोहार_अनिकेत

निपल पोकळ असतो, जोर लावला की मुरगळून तुटतो. भोकात नेमक्या मापाच्या ड्रिलची दांडी घाला म्हणजे तो आत दबणार नाही. सहा कोनी सॉकेट वापरा, बारा कोनी नको. डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्या. गंज सोडवणारं तेल मुरू द्या. तेवढ्यानेही नाही सुटला तर तेल पूर्ण पुसून काढा आणि मगच निपलच्या भोवतालचा कॅलिपर तापवा. सीलं बदलायचीच आहेत, ती जळाली तरी चालेल. थोडं घट्ट, थोडं सैल असं करत सोडवा. नवा निपल लावताना त्याची रबरी टोपी विसरू नका, तिच्याअभावीच तो गंजतो.

पाना_दहा_बारा

अर्धे भाग उघडू नका. बहुतेक उत्पादकांची तशीच सूचना असते. मधल्या ऑइलच्या वाटेवर छोटं सील असतं, ते सील किटमध्ये असेलच असं नाही, आणि त्या बोल्टचा टॉर्क (आवळण्याचा जोर) नेमका लागतो.

गंजशत्रू

इथे माझा थोडा मतभेद. मधलं सील, बोल्ट आणि टॉर्कचा आकडा हे तिन्ही हातात असेल तर उघडणं चुकीचं नाही, खाच जास्त चांगली दिसते. तिन्हींपैकी एक जरी नसेल तर पाना म्हणतात तेच खरं. आरसा आणि टॉर्च घेऊन न उघडताही साफ होतं, वेळ लागतो इतकंच.

यंत्रवेडी

बसवताना डावा-उजवा नीट पाहा. ब्लीड निपल वरच्या टोकाला यायला हवा. कॅलिपर उलटसुलट बाजूंना लागले तर निपल खाली जातो, हवा वर साचून राहते आणि कितीही ऑइल काढलं तरी पेडल स्पंजासारखं लागतं. बॅन्जो बोल्टला तांब्याचे वॉशर नवे. डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, ती मोजून घ्या. टॉर्क मॅन्युअलप्रमाणे.

ऑइल सगळंच बदला. डॉट हा ऑइलच्या डब्यावर लिहिलेला दर्जा. डॉट ३ चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस आणि ओल शोषल्यावर १४०. डॉट ४ चा २३० आणि १५५. डॉट ५.१ चा २६० आणि १८०. लांब उतारावर ब्रेक तापल्यावर या ओल्या आकड्यांनाच किंमत असते, कारण ऑइल उकळून वाफ झाली की पेडल सरळ खाली जातं. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते वरच्या कुठल्याही प्रकारात मिसळायचं नाही. ग्लायकॉलचं ऑइल रंग सोलतं. सांडलं की लगेच पाण्याने धुवा.

रानवाटेकरी

काम झालं. दोन्ही पुढचे कॅलिपर बसले, निपल सुटला, अर्धे भाग न उघडताच खाचा साफ केल्या. होजही नवे घातले. पेडल कडक आहे, आणि पेडल सोडल्यावर दोन्ही चाकं एका हाताने फिरतात. पॅड किंचित घासल्याचा आवाज येतो, पण अडकत नाहीत.

पाना_दहा_बारा

अभिनंदन! तेवढा हलका आवाज डिस्क ब्रेकला असतोच. गाडी हलवण्याआधी पेडल दरवेळी पंप करून पाहा. मग मोकळ्या जागी, कमी वेगात. नवे पॅड असतील तर मध्यम वेगावरून बेताने वेग कमी करत राहा, मध्ये थंड होऊ द्या, सुरुवातीला करकचून दाबू नका. परतल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने डावी-उजवी डिस्क तपासा, फरक फार नको. सगळे जोड गळतीसाठी पुन्हा बघा.

बदलून_टाका

रानवाटेकरी, तुमचं काम पाहून मत थोडं बदललं. खाच चांगली निघाली म्हणून वाचवणं योग्य ठरलं. खड्डे असते तर मी माझ्याच मुद्द्यावर अडून राहिलो असतो. एकच विचारतो, पुन्हा ओढ्यातून गेल्यावर काय काळजी घेणार?

डोंगरउतार

मी काय करतो ते सांगतो. पाण्यातून बाहेर आल्यावर थोडं अंतर डाव्या पायाने पेडल हलकं दाबत जायचं, म्हणजे डिस्क आणि पॅड सुकतात. परतल्यावर साध्या पाण्याने कॅलिपरच्या आतल्या बाजूचा चिखल धुवायचा. जोराचा फवारा बूटवर रोखून मारायचा नाही, तो पाणी आतच ढकलतो. पॅड तपासायला चाक काढाल तेव्हा बूट फाटलाय का हे आधी बघा. दोन वर्षांनी ऑइल बदला. आणि बदलताना पिस्टन मागे दाबायचा असेल तर निपल उघडून दाबा, तळाशी बसलेला गाळ वर एबीएसकडे किंवा मास्टर सिलिंडरकडे जायला नको.

रानवाटेकरी

नोंद केली. मागच्या कॅलिपरच्या पिना आणि पट्ट्यांचं काम आता हातात घेतोय. कुणाकडे रबरी बाहीची पिन वर की खाली याबद्दल माहिती असेल तर लिहा, माझ्या गाडीत आधीच्या कुणीतरी दोन्ही पिना बिनबाहीच्याच लावल्यात.

डोंगरउतार

ते गाडीनुसार बदलतं, अंदाजाने लावू नका. त्या गाडीच्या मॅन्युअलमधलं कॅलिपरचं सुटं चित्र बघा, त्यात दोन्ही पिनांचे भाग-क्रमांक वेगळे दिलेले असतील. क्रमांक एकच असेल तर मूळ रचनेतच बाही नाही, आणि तुमच्या पिना बरोबर आहेत.